फिशटँक घेताय? थोडं थांबा!

बालमित्रांनो,

गेल्या महिन्यात पाचवीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. पत्र कसलं, प्रश्नपत्रिकाच! तिचा वाढदिवस जवळ आलाय आणि बाबांनी फिशटँक घेऊन द्यायचं कबूल केलंय. दोघं दुकानात जाऊन पाहूनसुद्धा आलेत. ती लिहिते, "बाई, दुकानदारकाका म्हणाले, आमच्या सेटमध्ये सगळं येतं. टाकी, झाकण, दिवा, पंप, फिल्टर. घरी न्या, पाणी भरा, वायर लावा आणि संध्याकाळी मासे सोडा. एक टाकी उंच आणि गोल आहे, तिचा दिवा निळा-जांभळा होतो आणि आत खजिन्याची पेटी उघडते-मिटते. दुसरी साधी लांबट चौकोनी आहे. दोन्हींची किंमत सारखीच. कोणती घेऊ?" आणि अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ: "मासे मरणार नाहीत ना?"

ती शेवटची ओळ वाचली आणि मी पत्र मिटून पर्समध्ये ठेवलं. का, ते सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. परिसर अभ्यासात मासे शिकवायचे होते. नुसतं फळ्यावर चित्र काढण्यापेक्षा खरा मासाच दाखवावा म्हणून मी काचेचा एक गोल बाउल आणि दोन गोल्डफिश घेऊन आले. वर्गात नुसता जल्लोष! मुलांनी त्यांची नावं ठेवली सोन्या आणि मोन्या. वर्गात अडतीस मुलं, आणि प्रत्येकाला चिमूटभर खाऊ टाकायचा होता. मी म्हटलं, टाका. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं झालं. शनिवारी मी बाउल घासूनपुसून नळाच्या पाण्याने लख्ख धुतला, ताजं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. किती छान दिसत होतं! सोमवारी सोन्या पाण्यावर उलटा तरंगत होता. गुरुवारी मोन्याही गेला.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, त्यांना काय झालं होतं?"

मी म्हणाले, "आजारी होते रे ते."

ते आजारी नव्हते. त्यांना मी मारलं होतं. कसं मारलं, हे मला फार नंतर, पुस्तकं वाचल्यावर आणि मासे पाळणाऱ्या जाणत्या लोकांना विचारल्यावर कळलं. म्हणूनच मैत्रिणीला एका ओळीत "अमुक घे" असं उत्तर पाठवायला माझा हात धजेना. आज सगळ्यांनाच सविस्तर सांगते, कारण असा हट्ट तुमच्यापैकी पुष्कळ जणांनी घरी धरलेला असणार!

आधी एक गोष्ट समजून घ्या. मासा ज्या पाण्यात राहतो, त्याच पाण्यात शू-शी करतो. (हसू नका, महत्त्वाचं आहे!) शिवाय माशाच्या कल्ल्यांमधूनही अमोनिया नावाचा पदार्थ पाण्यात उतरत असतो. उरलेला खाऊ कुजला की त्यातूनही अमोनियाच. नदीत, तळ्यात पाणी इतकं असतं की तो विरून जातो. पण बाउलमध्ये? तिथे तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं, तरी त्यात विष असू शकतं.

मग फिशटँकमधले मासे वर्षानुवर्षं जगतात कसे? तर तिथे आपल्याला न दिसणारे सफाई कामगार असतात, जिवाणू! एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. त्याने माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पण दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करून टाकतात. ते बरंच सौम्य असतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. हे कामगार पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते फिल्टरच्या स्पंजला, तळाच्या खड्यांना, काचेला चिकटून राहतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे नव्या कोऱ्या टाकीत ते नसतात! त्यांची वस्ती वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आता ओळखा पाहू, दुकानातल्या 'सगळं येतं'वाल्या सेटमध्ये काय येत नाही? बरोबर! दिवा येतो, पंप येतो, पेटीसुद्धा येते, पण जिवाणूंची वस्ती काही खोक्यात येत नाही. त्यामुळे "संध्याकाळी मासे सोडा" हे तेवढं ऐकायचं नाही.

मी शनिवारी काय केलं होतं, आठवा. होते नव्हते ते थोडेसे जिवाणू मी घासून टाकले आणि वर नळाचं ताजं पाणी ओतलं. नळाच्या पाण्यात आपल्याला रोगराई होऊ नये म्हणून क्लोरीन घातलेलं असतं. आपल्याला ते चालतं, पण माशाचे कल्ले फार नाजूक! एका हाताने कामगार हाकलले आणि दुसऱ्या हाताने विष घातलं, असा तो प्रकार झाला.

बरं, आता टाकीकडे वळू. गोल की चौकोनी?

एक गंमत करून बघा. खडूचा रिकामा खोका घ्या. तो आडवा ठेवा आणि मग उभा करा. खोका तोच, आत मावणार तेवढंच. पण वरचं तोंड? उभा केला की तोंड लहान झालं! आता टाकीचं गणित करू. ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी एक टाकी. तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून १००० ने भागा. आले ना साडेचाळीस लिटर? आता तीच टाकी उभी केली, म्हणजे ३० लांब, ३० रुंद, ४५ उंच. पाणी तेवढंच, साडेचाळीस लिटर. पण हवेला लागणारा पाण्याचा पृष्ठभाग पहिल्या टाकीत १३५० चौरस सेंटिमीटर आहे आणि दुसरीत फक्त ९००. पाण्यात प्राणवायू विरघळतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. म्हणजे आडव्या टाकीला श्वास घ्यायला दीडपट मोठं नाक आहे म्हणा ना! शिवाय मासे पोहतात आडवे, लिफ्टसारखे वर-खाली नव्हे.

गोल बाउलची तर आणखीच पंचाईत. तो गळ्यापर्यंत भरला की वरचं तोंड बशीएवढंच उरतं. आणि वाकड्या काचेतून माशाला बाहेरचं सगळं वाकडंतिकडं दिसतं. इटलीतल्या मोन्झा नावाच्या शहराने तर २००४ साली असल्या गोल भांड्यांत गोल्डफिश ठेवायला बंदीच घातली.

तेव्हा माझं पहिलं उत्तर साधी, लांबट, चौकोनी टाकी. किती मोठी? निदान ४० लिटर. दुकानात ती 'दीड बाय एक बाय एक' म्हणून मिळते, म्हणजे फूट. जागा आणि पैसे असतील तर 'दोन बाय एक बाय एक' आणखी चांगली, तिच्यात साधारण ५६ लिटर पाणी मावतं. पुष्कळांना वाटतं, आपण नवशिके, तर लहान टाकी घेऊन शिकावं. नेमकं उलटं आहे! पेलाभर पाण्यात चमचाभर मीठ आणि बादलीभर पाण्यात चमचाभर मीठ, खारट कोणतं लागेल? चूक तेवढीच असली तरी मोठ्या टाकीत ती पचते. लहान टाकी सांभाळायला जाणता माणूस लागतो.

खोक्यावर छापलेल्या लिटरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. खिशात मोजपट्टी न्या आणि स्वतः मोजा. खडे घातल्यावर आणि वरून दोन बोटं जागा सोडल्यावर खरं पाणी आणखी कमीच भरतं.

यानंतर दुकानदारकाकांना सांगायचं, "काका, झाकण उघडून फिल्टर दाखवता का?" ते जरा आश्चर्याने बघतील. बघू देत! अशा सेटमध्ये फिल्टर दोन ठिकाणी असतो. काहींत वरच्या झाकणातच एक पन्हळ असते. पंप पाणी वर चढवतो, ते स्पंजमधून गाळून खाली पडतं. काहींत टाकीच्या मागच्या बाजूला पडदी घालून वेगळा कप्पा केलेला असतो आणि पंप, स्पंज सगळं त्यात लपवलेलं असतं. दोन्ही चालतात. मागच्या कप्प्याच्या फटी फार रुंद नाहीत ना, एवढं बघा, नाहीतर गप्पीची पिल्लं आत जाऊन बसतात. पंपावर 'लिटर प्रति तास' असा आकडा असतो. टाकीच्या लिटरच्या चौपट-पाचपट हवा, म्हणजे ४० लिटरला १६० ते २०० पुरेत.

आता खरी गोम. आत जाड, धुता येणारा स्पंज आहे का? काही सेटमध्ये तसा स्पंज नसतोच, नुसती एक पातळ वडी असते. दर महिन्याला जुनी वडी फेकायची आणि नवी विकत आणायची! म्हणजे दर महिन्याला तुमचे निम्मे-अधिक कामगार कचऱ्याच्या डब्यात. शिवाय ती वडी गावात मिळाली नाही तर सेटच अडून बसतो. तेव्हा साधा स्पंज असलेला सेट घ्या, आणि पंप बिघडला तर तसाच दुसरा मिळेल का, हेही विचारून ठेवा. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, हलका पिळून. नळाखाली अजिबात नाही!

दिव्याबद्दल मला फार काही सांगायचं नाही. साधा पांढरा एलईडी दिवा पुरतो. दिवसाला सात-आठ तास लावायचा आणि रात्री विझवायचा, माशांनाही झोप लागते. निळा-जांभळा रंग आपल्या हौसेसाठी असतो. खजिन्याच्या पेटीचंही तेच.

हीटर सगळ्यांना लागत नाही. मुंबईत आणि कोकणात त्याच्याशिवाय चालतं. नाशिक, पुणे किंवा विदर्भाकडे जिथे थंडीत बादलीतलं पाणी गारठतं, तिथे गप्पी-मोलीसारख्या माशांना तो हवा. हिशेब सोपा, लिटरला एक वॅट.

आई-बाबांनो, आता हे तुमच्यासाठी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४० लिटरची टाकी काच आणि खडे धरून पन्नास किलोंच्या वर जाते. ती फ्रिजवर किंवा डुगडुगत्या टीपॉयवर ठेवायची वस्तू नव्हे. टाकीचा काचेचा तळ थेट टेकत असेल, तर खाली थर्मोकोलचा ताव घाला. खिडकीतलं थेट ऊन नको, पाणी हिरवं होतं. वायर प्लगपेक्षा खाली लोंबून मग वर प्लगकडे जाईल अशी सोडा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न शिरता जमिनीवर ठिबकेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटणं बंद, आणि हे काम मुलांनी एकट्याने करायचं नाही. विजेच्या बिलाची धास्ती नको. पाच वॅटचा पंप चोवीस तास आणि आठ वॅटचा दिवा आठ तास चालला, तर महिन्याला साडेपाच युनिट होतात. (मुलांनो, गुणाकार करून पडताळा!)

पंप चोवीस तास चालू हवा, कारण स्पंजातल्या जिवाणूंनाही वाहत्या पाण्यातला प्राणवायू लागतो. "रात्री आवाज येतो" म्हणून पंप बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. आमच्याकडे तर वीज आपणहूनच जाते! तासा-दोन तासांनी काही बिघडत नाही. जास्त वेळ गेली तर खाऊ टाकायचा नाही, आणि स्वच्छ मगाने टाकीतलंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतायचं. सेलवर चालणारा हवेचा लहान पंपही मिळतो. रुंद तोंडाची टाकी अशा वेळीच उपयोगी पडते.

आता वाढदिवसाचं काय करायचं? मैत्रिणी, वाढदिवसाला टाकी घे, पण मासे नको. खडे धुऊन घाल, एखादी पाणवनस्पती लाव. दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेलं पाणी भर, त्यातला बराच क्लोरीन उडून जातो. शंका असेल तर दुकानात क्लोरीन घालवायचे थेंब मिळतात, ते बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाक. पंप चालू कर. आणि रोज माशांच्या खाऊची अगदी लहानशी चिमूट टाक. मासे नाहीत आणि खाऊ कशाला? अगं, तो कुजून अमोनिया होईल आणि त्यावर जिवाणूंची वस्ती वाढेल! ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा एक तुकडा मागून आण. वस्ती लवकर वसेल. पाणी तपासायचे थेंब मिळतात, त्यात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की मासे आणायला जा.

आमच्या वर्गाने पुढच्या वर्षी असंच केलं. वर्गणी नाही काढली, एका पालकांनी त्यांची जुनी चौकोनी टाकी दिली. पस्तीस दिवस आमच्या वर्गात मासे नसलेला फिशटँक होता! शेजारच्या वर्गातली मुलं यायची आणि चिडवायची, "तुमचे मासे अदृश्य आहेत का रे?" आमची मुलं म्हणायची, "हो, आमच्याकडे लाखो आहेत!" रोज फळ्याच्या कोपऱ्यात आम्ही दिवसाचा आकडा लिहायचो. मधे दहा-बारा दिवस पाणी ढगाळ झालं. मला पुन्हा घासायचा मोह झाला, पण मुलांनी मला अडवलं. मग ते आपोआप निवळलं.

तुम्हाला वाटेल, हे काहीतरी नवीन खूळ आहे. अजिबात नाही. १८५० च्या सुमारास लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सुमारे ५४ लिटर मावेल अशा भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पानं कुजू लागली आणि पाणी बिघडलं. म्हणून त्याने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी ती कुजकी पानं फस्त केली आणि सगळं मार्गी लागलं. वीज नव्हती, पंप नव्हता, पण 'सगळं येतं'चा खरा अर्थ त्याला सापडला होता.

मासे कोणते घ्यायचे? ४० लिटरला गप्पी छान. डासांच्या अळ्या खातात म्हणून आपल्याकडे ते विहिरी-डबक्यांत सोडतात, तेच हे. पण सगळे नर घ्या हं! एक मादी महिन्याला वीस-तीस पिल्लं देते आणि टाकीची धर्मशाळा होते. सुरुवातीला तीनच आणायचे, आणि दोन आठवड्यांनी आणखी तीन. दोन फुटी टाकी असेल तर सहा झेब्रा मासे आणा. ते मूळचे आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नाल्यांतले आणि चांगले काटक असतात. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग तिच्यात थोडं थोडं टाकीचं पाणी घाला, आणि मासे जाळीने उचलून सोडा. खाऊ दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढाच. दर आठवड्याला पाव भाग पाणी बदला.

गोल्डफिश मात्र या टाकीसाठी नाही. तो वीतभर वाढतो! इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस मिळालेला एक गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला, त्रेचाळीस वर्षं! आमच्या सोन्याला जेमतेम आठवडा मिळाला. आणि 'हा काच साफ करतो' म्हणून सेटबरोबर सकर मासा गळ्यात मारतील, तोही नको. तो फूटभराहून मोठा होतो. मग लोक तो नदीत नेऊन सोडतात आणि तो तिथल्या माशांच्या मुळावर उठतो. टाकीतला कुठलाच मासा नदीत, विहिरीत सोडायचा नाही. नको झाला तर दुकानात परत द्यायचा.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता मोठ्या शाळेत जातो. परवा रस्त्यात भेटला तेव्हा मी त्याला सांगून टाकलं, "अरे, सोन्या-मोन्या आजारी नव्हते. माझं चुकलं होतं." तो म्हणाला, "बाई, मला तेव्हाच वाटलं होतं. पाण्याला वास येत होता." मग जरा थांबून म्हणाला, "नवीन मासे बघायला येऊ का?"

शनिवारी येतोय तो. मैत्रिणी, तू टाकीत पाणी भरशील ती तारीख कॅलेंडरवर लिही आणि मला पत्राने कळव. मी आमच्या फळ्यावर तुझेही दिवस मोजते.

तुमची,
बाई